गोळीच्या पोटात स्फोट का भरत नाहीत?

अजिंठा म्हटले की लेणी आठवतात. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत जखमी झालेल्या इंग्रज फौजेच्या सैनिकांसाठी रुग्णालय याच अजिंठा गावी होते. शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफांपुढे त्या फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. त्या काळची बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा भरीव गोळा. दारू मागे नळीत जळे, गोळीत नसे. दोनशे वर्षांनंतरही साधी गोळी भरीवच आहे. मग रणगाडा भेदणारी युक्ती गोळीत का वापरत नाहीत, असे एखादा विद्यार्थी विचारतो. प्रश्न चांगला आहे.

ही युक्ती अपघाताने लक्षात आली. १८८८ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मन्रो यांनी पोलादी पत्र्यावर स्फोटकाची वडी ठेवून स्फोट केला. वडीवर खोल कोरलेली अक्षरे पत्र्यावर जशीच्या तशी उमटली! जिथे पोकळी होती, तिथे मारा अधिक झाला होता. पुढे १९३० च्या दशकात पोकळीला धातूचे शंकूसारखे अस्तर देण्यात आले. स्फोटाने ते अस्तर आत कोसळते आणि धातूची बारीक धार सेकंदाला आठ-दहा किलोमीटर वेगाने पुढे सुटते. १९४२ पासून अमेरिकन सैनिकांच्या हाती आलेल्या बझुकाचे, सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचे रॉकेट याच तत्त्वावर आठ-दहा सेंटिमीटर पोलाद भेदत असे.

आता हे रॉकेट सर्व बाजूंनी दहापट लहान केले असे समजा. व्यास ६ मिलिमीटर, म्हणजे रायफलच्या गोळीएवढा. छिद्राची खोली शंकूच्या व्यासाच्या प्रमाणात असते, म्हणून तीही दहापट घटून सेंटिमीटरभर उरते. स्फोटक मात्र लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या गुणाकाराने घटते, म्हणजे हजारपट! पोलादी गाभ्याची चिलखतभेदी गोळी जवळून तेवढा पत्रा केवळ वेगाच्या जोरावर भेदते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

अडचणी आणखी आहेत. स्फोट नेमक्या क्षणी घडवणारी कळ एवढ्याशा जागेत बसवणे कठीण आणि खर्चिक. धार तयार व्हायला शंकू आणि पत्रा यांत थोडे अंतर लागते. वेगाने आदळणाऱ्या गोळीला ते मिळत नाही. शिवाय रायफलची गोळी सेकंदाला अडीच हजारांहून अधिक गिरक्या घेते. ओले कापड गरगरा फिरवले की पाणी बाहेर उडते, तशी ही धारही फाकते. म्हणूनच ही युक्ती ४० मिलिमीटरच्या ग्रेनेडमध्ये दिसते, काडतुसात नाही. अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेल्यावर भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना लागतो. रायफलची साधी गोळी तिथेही स्फोटकाविनाच बनते.

गोळीत साधे स्फोटक भरण्याचे प्रयोग मात्र झाले होते. रशियाने १८६० च्या दशकात अशी गोळी बनवली आणि माणसाच्या देहात ती फुटल्यास काय होईल, हे ओळखून स्वतःच पुढाकार घेतला. १८६८ साली सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्यात अनेक राष्ट्रांनी ४०० ग्रॅमपेक्षा हलकी स्फोटक अस्त्रे आपसांतील युद्धात न वापरण्याचे मान्य केले. जखमी सैनिक लढू शकत नाही. त्याच्या यातना निष्कारण वाढवू नयेत, हा त्यामागचा विचार.

शंकूयुक्त गोळी भूमितीने अडवली. फुटणारी गोळी माणसांना ठरवून अडवावी लागली. वर्गात दोन्ही गोष्टी सांगाव्यात.