मोहाची दारू : पारख आणि मोजमाप

भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलांचा सडा पडतो. ही फुले साखरेने भरलेली असतात. ती भिजवून आंबवली की यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. मिश्रण तापवले की आधी अल्कोहोलयुक्त वाफ निघते. ती थंड केली की झाली दारू.

तिची पारख नाकाने आणि जिभेने होई. फुले बुरसलेली होती का, आंबवण आंबट झाले का, हे जाणत्याला कळे. इंग्रज सरकारला मात्र कर हवा होता, आणि चवीवर कर बसवता येत नाही! इंग्लंडात १८१६ साली सायक्सचा तरंगमापक कायद्याने मान्य झाला होता. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके. म्हणून दारू जितकी कडक, तितका तो खोल बुडतो. सुमारे ५७ टक्के अल्कोहोल म्हणजे 'प्रूफ'. हेच माप भारतातही आले.

पुढे दारूबंदीच्या कायद्याने मोहफुलेही जखडली. त्यांच्या साठवणुकीवरचे व वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उठवले. दारू गाळायला परवाना मात्र आजही लागतो.

तरंगमापक घनता सांगतो. ताजेपणा नाही, विषही नाही. मिथेनॉलची घनता जवळजवळ पिण्याच्या अल्कोहोलइतकीच असते. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली मिथेनॉलयुक्त दारूने शंभरावर बळी घेतले. अशी दारू चवीनेही ओळखू येत नाही. तिथे रासायनिक तपासणीच हवी.

म्हणून कोणतेही माप शिकवताना, ते काय मोजत नाही हेही मुलांना विचारावे, असे आम्हांला वाटते.