मुंबईचीं दोन घड्याळें आणि जवळचें उपनगर

नोकरीसाठीं रोज घर सोडून दूर जाणें व सायंकाळीं परतणें ही रीत आपल्याकडे आगगाडीनें आणली, असें सामान्यतः समजलें जातें. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. आगगाडीनें अंतर दिलें; त्या अंतराचा हिशेब मिनिटांत मांडण्याची संवय घड्याळानें लावली, आणि त्या हिशेबांत वांचलेला वेळ कोणाच्या पदरीं पडावा हा तंटा तेव्हांपासून चालू आहे. वऱ्हाडांत डोणगांवीं बसून मुंबईच्या गाड्यांविषयीं लिहिणें कोणास विनोदाचें वाटेल. आमच्या मेहकर तालुक्यांत आजही रूळ नाहीं. परंतु चाकरमान्यांचीं पत्रें पोहोंचत तीं गांवींच, आणि जपलीं गेलीं असतील तर तींही गांवच्या ट्रंकांतच.

बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. कुलाबा ते पायधुणी ही घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ची. एवढ्यानें उपनगर उत्पन्न झालें नाहीं. गिरणीकामगार परळ-लालबागेंत व कारकून गिरगांवांत, असे दोघेही कामापासून पायवाटेच्या अंतरावर राहात. घर व काम यांची फारकत केली ती १८९६ च्या प्लेगनें. दाट वस्ती मोकळी करण्यासाठीं १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानें दादर-माटुंग्याची जमीन आंखून घेतली. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या त्यांतूनच उभ्या राहिल्या. शहराची हद्द माहीम व शीव येथपर्यंत असल्यामुळें हें स्थळ कायद्यानें शहरांतलेंच. पण राहणी उपनगराची, मोकळ्या हवेची. घर शहराबाहेर गेल्यासारखें वाटावें, आणि कचेरी मात्र हातची जाऊं नये, अशी ही तडजोड होती. (मार्च २०२० मध्यें दुसऱ्या एका सांथीनें उपनगरी गाड्या सर्वसामान्यांस बंद केल्या आणि कित्येकांच्या घरांतच कचेरी आणून बसविली. पहिल्या सांथीनें तोडलें तें दुसरीनें जोडलें; तें कितपत सुखाचें झालें, हें पुढील संशोधक ठरवितील.)

आतां मुख्य मुद्दा. मुंबईचा स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें साडेपांच तासांचा भारतीय वेळ चालू केला, म्हणजे घड्याळ एकदम ३९ मिनिटें पुढें गेलें. आपल्या मानानें ही एक घटिका व साडेसदतीस पळें होतात. त्यापूर्वींही आगगाड्या मद्रास वेळेनें चालत, व तो मुंबईहून सुमारें अर्धा तास पुढें असे. त्यामुळें स्टेशनचें घड्याळ व गांवचें घड्याळ यांचें भांडण जुनेंच होतें. १९०६ मध्यें तें रस्त्यावर आलें. त्या जानेवारींत कांहीं गिरणीकामगारांनीं काम बंद करून दगडफेकही केली. याला अडाणीपणा म्हणण्याची चाल आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. सूर्य होता तेथेंच राहिला आणि गिरणीचा भोंगा ३९ मिनिटें आधीं होऊं लागला, तर झोंप कोणाची गेली हें त्या मजुरास पक्कें ठाऊक होतें. मुंबई कॉर्पोरेशननें तर १९५५ पर्यंत मुंबईचा वेळ सोडला नाहीं.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस याचें महत्त्व उघड आहे. समजा, दादरच्या एखाद्या कारकुनाच्या रोजनिशींत नोंद मिळाली, कीं साडेनवास स्टेशनावर आलों व नऊ वीसला कचेरींत पोहोंचलों. उतावळा वाचक ती लेखनदोष म्हणून टाकून देईल. वास्तविक पहिली वेळ स्टेशनची, दुसरी मुंबईची; साडेनऊ म्हणजे मुंबईचीं आठ एक्कावन्न, आणि प्रवास एकुणतीस मिनिटांचा. जवळच्या उपनगराची किंमत ती हीच एकुणतीस मिनिटें होय. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळांत भारतीय वेळ आणखी एक तास पुढें नेला होता, हेंही अशा नोंदी लावतांना विसरूं नये.

मजुराचा हिशेब निराळा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें १८९० मध्यें रविवारची सुटी मिळाली. पुढें कायद्यानें पुरुष कामगाराचा दिवस १९११ मध्यें बारा तासांवर, १९२२ मध्यें अकरा, १९३४ मध्यें दहा व १९४८ मध्यें नऊ तासांवर आणला. प्रत्येक कायद्यांत तास मोजले ते गिरणीच्या दरवाज्यापासून. वाटेचा वेळ कोणींच धरला नाहीं. मजुरानें मात्र धरला. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें बांधलेल्या वरळीच्या चाळींतील पुष्कळ खोल्या प्रारंभीं रिकाम्या पडून राहिल्या, त्याला भाड्याप्रमाणें गिरणीपासूनचें अंतरही कारण होतें. तज्ज्ञांच्या नकाशापेक्षां कामगाराच्या पायांनीं केलेली ही मोजणी आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते. कौटिल्यानें राजाच्या दिवसाचे आठ भाग करून तिसरा स्नान, भोजन व स्वाध्याय यांस दिला. त्यांत येण्याजाण्यास भागच नाहीं, कारण राजा कामापाशींच राहातो!

कारकुनानें दुसरी युक्ति काढली: स्वतः घरीं जातां येत नाहीं, तर घरचें जेवण बाहेर आणावें. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोहोंचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्याकडे आम्ही याच दृष्टीनें पाहातों.

वाचकांस विनंति एवढीच, कीं घरच्या जुन्या कागदांत मासिक पास, खानावळीच्या वह्या, रोजनिश्या, वेळापत्रकें निघाल्यास रद्दीत घालूं नयेत. पासावर तारीख व स्टेशनें असतात, पत्रांत सुटीची चौकशी असते, आणि रोजनिशींत उठण्याची व निजण्याची वेळ असते. नक्कल करतांना वेळेचे आंकडे सुधारूं नयेत. ते जसे आहेत तसेच उतरावेत, आणि ते कोणत्या घड्याळाचे असावेत याविषयींचा आपला तर्क समासांत निराळा लिहावा.