वैद्याचा एक प्रश्न

रोग जडल्यावर औषध द्यावें, एवढेंच वैद्याचें कर्तव्य, ही समजूत बालवैद्यकानें केव्हांच मागें टाकली. अमेरिकेंतील बालवैद्य मूल तपासतांना आईबापांस विचारतो : घरांतील औषधें मुलाच्या हातीं लागत नाहींत ना? मोटारींत त्यास पट्ट्यानें बांधतां ना? ह्याच मालिकेंतील तिसरा प्रश्न, ‘घरांत बंदूक आहे काय?’ हा मात्र न्यायमंदिरापर्यंत जाऊन पोंचला.

‘अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ ह्या बालवैद्यांच्या संस्थेनें १९९२ सालीं आपलें मत जाहीर केलें कीं, घरांत बंदूक नसणें हाच मुलांच्या रक्षणाचा सर्वांत खात्रीचा उपाय होय. ज्यांस ती ठेवावयाचीच असेल त्यांनीं ती रिकामी करून कुलुपांत घालावी व गोळ्या निराळ्या कुलुपांत ठेवाव्या, असें ही संस्था सांगत आली आहे.

पण वैद्याच्या उपदेशानें घरची रीत बदलते काय? २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १३७ दवाखाने सामील होते. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं वैद्यानें आईबापांशीं थोडें बोलून बंदुकीस लावावयाचें तारेचें कुलूप फुकट दिलें. इतरत्र मुलांच्या वाचनाविषयीं सल्ला दिला. सहा महिन्यांनीं पाहतां पहिल्या गटांत अशा कुलुपांचा वापर वाढला होता, दुसऱ्यांत घटला होता.

पुढें फ्लोरिडांतील ओकाला गांवीं एका आईनें हा प्रश्न टाळला, तेव्हां वैद्यानें तिला दुसरा वैद्य पाहण्यास सांगितलें. त्याचा बोभाटा झाला, आणि २०११ सालीं त्या राज्यानें कायदाच केला : उपचारास वा सुरक्षिततेस जरूर असल्यावांचून वैद्यानें असें विचारूं नये, व उत्तर टिपून ठेवूं नये. वैद्यांनीं दाद मागितली. २०१७ च्या फेब्रुवारींत संघराज्याच्या अपील न्यायालयानें हीं बंधनें भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द केलीं. परंतु बंदूक बाळगणाऱ्या कुटुंबाशीं भेदभाव करूं नये, हें कलम कायम ठेविलें.

ह्या निकालांतला दुसरा भागही वैद्यांनीं विसरूं नये. २०२० सालीं अमेरिकेंत १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचें पहिलें कारण बंदूक हें ठरलें. तेव्हां प्रश्न विचारणें प्राप्तच आहे. पण ज्या घरीं बंदूक आहे त्याच घरच्या मुलाला ह्या सल्ल्याची गरज अधिक. त्याच्या आईबापांस रागानें दाराबाहेर घालविलें, तर कुलूप कोणाच्या हातीं द्यावयाचें?