वाऱ्याची बेगमी

हरित हायड्रोजन, म्हणजे वारा-उन्हाच्या विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन, ही गेल्या चार-सहा वर्षांतली टूम वाटते. तिचं मूळ शोधायला गेलं तर मात्र आपण डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यात पोचतो, आणि साल असतं १८९१.

तिथल्या लोकशाळेत पॉल ला कूर विज्ञान शिकवत. शहरांत वीज येऊ लागली होती. खेड्यांना ती कोण देणार, ही त्यांची चिंता. सरकारी पैशातून त्यांनी पवनचक्की उभारून तिला डायनॅमो जोडला. पण वारा पडला की वीज गेली, आणि बॅटऱ्या महागड्या. मग त्यांनी ती वीज सरळ पाण्यात सोडली. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्येच दाखवलं होतं. ला कूर यांनी त्या प्रयोगातून साठवण काढली. बारा घनमीटरच्या टाकीत हायड्रोजन भरायचा आणि रात्री त्यावर शाळेचे दिवे लावायचे. १८९५ ते १९०२ ही शाळा वाऱ्यावर उजळत होती. हायड्रोजनमध्ये चुकून ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि खिडक्यांच्या काचा फुटत. काचा नव्या बसवायच्या आणि पुन्हा दिवे लावायचे. या चिकाटीला माझा दंडवत.

पुढचा धागा केंब्रिजचा. १९२३ मधल्या एका भाषणात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी चारशे वर्षांनंतरचं इंग्लंड रंगवलं. देशभर पवनचक्क्या, आणि जोराचा वारा असेल तेव्हा उरलेल्या विजेतून हायड्रोजन काढून, द्रवरूप करून जमिनीखालच्या टाक्यांत ठेवायचा. हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.

इथवर विचार साठवणीचा होता. दूरवर नेण्याचा विचार १९७०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ जॉन बोक्रिस यांच्यासारख्यांनी पुढे रेटला. उन्हाची वीज वाळवंटात होणार, गिऱ्हाईक शेकडो कोस लांब. तारांऐवजी नळातून वायू न्यावा. नळ नवलाचे नव्हतेच. जर्मनीच्या रूर भागात १९३८ पासून कारखान्यांना हायड्रोजन नळानेच पोचतो.

अडतं ते हिशोबात. विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून पुन्हा वीज, या फेऱ्यात शंभरातले साधारण पस्तीस-चाळीस युनिट हाती लागतात. बॅटरी ऐंशीच्या पुढे देते. म्हणून घरच्या रात्रीपुरत्या साठ्याला हायड्रोजन नकोच, असं माझं मत. महिनोन्‌महिन्यांची बेगमी किंवा समुद्रापारचा व्यापार असेल तरच तो परवडेल, तोही कसाबसा. कारण जहाजात भरायला त्याला उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. त्यामुळे आता बरेच जण त्याचा अमोनिया करून पाठवायचं म्हणतात. तो उणे ३३ अंशांनाच द्रव होतो. शिवाय खतांसाठी त्याची ने-आण करणारी जहाजं आणि बंदरं आधीपासून आहेतच.