जाहिरातीतला गर्डल

साल १९५५. अमेरिकेतल्या एका घरात तुम्ही टीव्हीसमोर बसला आहात. चित्र कृष्णधवल, मधूनच थरथरणारं. मालिका थांबते आणि पडद्यावर येतो प्लेटेक्स कंपनीचा रबरी गर्डल, म्हणजे पोट-कंबर आवळणारं बायकांचं अंतर्वस्त्र. निवेदक पुरुष, आवाज मधाळ. दोन हात गर्डल ताणतात, सोडतात. तो झटक्यात पूर्ववत होतो. शिवण नाही, काड्या नाहीत. घाला आणि हवं तसं वाका, धावा, नाचा!

पण तो घातलेली बाई कुठाय? ती दिसायची नाही. अमेरिकी टीव्हीवरच्या जाहिरातीत जिवंत बाईच्या अंगावर नुसती ब्रा दिसायला १९८७ उजाडावं लागेल. तोवर पुतळा, नाहीतर कपड्यांवरून चढवलेली ब्रा.

मग उठा, आतल्या खोलीत चला. पलंगावर एक नळी पडली आहे. गर्डल तिच्यात गुंडाळून विकतात. आधी अंगाला टाल्कम पावडर फासा, नाहीतर तो सरकायचा नाही. एक पाय, दुसरा पाय. मांडीशी रबर अडतं. ओढा, श्वास आत घ्या, पुन्हा ओढा. हवा खेळावी म्हणून बारीक भोकं पाडलीत, तरी उकाड्यात घामाच्या धारा लागतात. उतरवताना तो केळ्याच्या सालीसारखा सोलावा लागतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? १९४७च्या फेब्रुवारीत फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओरनं पॅरिसमध्ये मुठीत मावेल अशी कंबर मिरवली, म्हणून.

आता दहा-बारा वर्षं पुढे, डेलावेअर राज्यातल्या डोव्हरला या. प्लेटेक्सवाल्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशनकडे अपोलो चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांचे पोशाख शिवायचं काम आलंय. यंत्रांवर बसल्यात ब्रा आणि गर्डल शिवून हात बसलेल्या बायका. इथे टाके जराही हलून चालत नाहीत. एखादी टाचणी आत राहिली तर पोशाखाला भोक पडेल, जिवावर बेतेल. म्हणून तयार पोशाख क्ष-किरणांखाली तपासतात. गुडघ्या-कोपरांशी रबराच्या वळ्या आहेत. हवा भरून पोशाख टणक झाला तरी हातपाय वाकले पाहिजेत ना!

जुलै १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग हाच पोशाख घालून चंद्रावर उतरतो. घट्ट, तरीही वाकू देणारा, श्वास न कोंडणारा. जाहिरातीत बायकांना कबूल केलेली चीज बायकांनीच शिवली, आणि ती मिळाली पुरुषांना.