पद्मेने परत न दिलेली लाँच

४ ऑगस्ट २०१४ : ईद साजरी करून ढाक्याकडे परतणाऱ्यांनी खचाखच भरलेली ‘पिनाक-६’ ही लाँच बांगलादेशात मावा घाटाजवळ पद्मा नदीत बुडाली. क्षमता ८५ जणांची होती. चढले होते दोनशेहून अधिक. अनेक दिवस शोधूनही लाँच सापडली नाही.

२०२२ मध्ये इथे पद्मा सेतू खुला झाला. पण प्रत्येक नदीवर पूल होणार नाही. लाखोंचा प्रवास पाण्यावरूनच चालेल. प्रवाशांची नोंदच नसेल, तर बेपत्ता किती हेही कळत नाही. म्हणून घाटावर माणसे मोजणे आणि क्षमता भरताच लाँच थांबवणे हाच खरा बचाव आहे. बुडाल्यावरच्या शोधमोहिमेने तो साधत नाही.