आठ कोटी गिल्डरांचे चित्र

1998 साली नेदरलँड्समध्ये एका चित्राच्या खरेदीवरून मोठा गदारोळ झाला. चित्राचे नाव ‘व्हिक्टरी बूगी वूगी’, चित्रकार पीट मोंद्रियान आणि किंमत आठ कोटी गिल्डर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे चार कोटी डॉलर. गिल्डर हे चलन युरोच्या आगमनाने लवकरच इतिहासजमा होणार होते. त्याच्या निरोपाची खूण म्हणून देशाच्या मध्यवर्ती बँकेने ही भेट राष्ट्राला द्यावयाचे ठरवले होते. मात्र बँकेचा नफा एरवी सरकारी तिजोरीत जातो, तेव्हा हा पैसा लोकांचाच आणि तो खर्च करताना लोकप्रतिनिधींना कोणी विचारले नाही, हा आक्षेप संसदेत उमटला. त्याच्या जोडीला दुसराही एक सूर होता, तो अधिक जुना आणि अधिक प्रामाणिक: चार रंगांच्या चौकोनांना एवढे पैसे? शिवाय चित्र अपुरेच राहिलेले होते. कोनावर उभ्या केलेल्या चौरस कॅनव्हासवर चित्रकाराने प्रयोगासाठी डकवलेले रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे त्याच्या मृत्यूनंतर जिथल्या तिथे राहून गेले होते.

हेच चित्र मोंद्रियानच्या मृत्यूच्या वर्षी, 1944 मध्ये, बर्टन आणि एमिली ट्रेमेन या अमेरिकन दांपत्याने 8,000 डॉलरला घेतले होते. त्यांच्याकडून ते प्रकाशनव्यवसायातील धनाढ्य एस. आय. न्यूहाउस यांच्याकडे गेले आणि तेथून हॉलंडला आले. चोपन्न वर्षांत किंमत पाच हजार पट झाली. त्याच काळात डॉलरची खरेदीशक्ती नऊ-दहा पटींनी घटली, हे जमेस धरले तरी उरलेली पाचशे पट वाढ कोठून आली, हा प्रश्न राहतोच. ‘बाजार चढला’ हे त्याचे उत्तर नव्हे. ती केवळ प्रश्नाचीच दुसऱ्या शब्दांतली मांडणी झाली. साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नात रस असावयास हवा, कारण कलाकृतीचे मूल्य काळाच्या ओघात कसे ठरते हा आपलाही प्रश्न आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे त्याच्या पावत्या राहत नाहीत. चित्रकलेत राहतात.

मोंद्रियानचा जन्म 1872 सालचा, आमर्सफोर्ट या गावचा. वडील कट्टर कॅल्विनपंथी मुख्याध्यापक. अ‍ॅमस्टरडॅमच्या कला अकादमीत शिक्षण झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत तो एक चांगला, रीतसर डच निसर्गचित्रकार होता: पवनचक्क्या, नदीकाठ, संध्याकाळचे झाड. 1909 मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. (या संस्थेचे मुख्य ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला होते, मोंद्रियानच्या उभ्या-आडव्या रेषांमागच्या तत्त्वज्ञानाचा एक धागा असा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये, पण तो आहे.) 1912 च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याने घनवाद पाहिला आणि झाडाच्या फांद्या हळूहळू रेषा झाल्या. 1914 साली तो वडिलांच्या आजारपणामुळे मायदेशी गेला आणि महायुद्धामुळे तेथेच अडकला. 1917 मध्ये तेओ फान डुसबुर्गबरोबर ‘डे स्टाइल’ या नियतकालिकाच्या उभारणीत त्याचा वाटा होता. 1919 मध्ये पुन्हा पॅरिस. 1920-21 पासून पुढे त्याची ती ओळखीची भाषा ठरून गेली: काळ्या उभ्या-आडव्या रेषा, पांढरी व करडी पृष्ठे, तांबडा, पिवळा, निळा. वक्ररेषा नाही, तिरकी रेषा नाही, हिरवा रंग तर नाहीच.

या भाषेला गिऱ्हाईक नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पॅरिसमधल्या या सर्वांत कडव्या अमूर्तवाद्याचा उदरनिर्वाह काही प्रमाणात फुलांच्या जलरंगचित्रांवर चालला, हे सांगितल्यावर अनेकांना हसू येते. एकेकटे उभे गुलाब, लिली, शेवंती. हॉलंडमधले मित्र ती चित्रे घेत किंवा विकून देत. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दिवसा एक चित्र पोटासाठी आणि एक चित्र स्वतःसाठी काढणाऱ्या माणसाला आपल्या दोन चित्रांतला फरक जितका नेमका ठाऊक असतो, तितका समीक्षकाला क्वचितच असतो.

या मित्रांमध्ये सालोमन स्लायपर हे नाव महत्त्वाचे. युद्धकाळात हॉलंडमध्ये मोंद्रियानशी त्याची ओळख झाली आणि त्याने त्याची चित्रे घाऊक म्हणावीत अशा संख्येने विकत घेतली. चित्रकार जगला त्यात या खरेदीचा वाटा मोठा होता. पण स्लायपरची आवड तेथवरच होती: पवनचक्क्या, झाडे, डोम्बुर्गचे वाळूचे ढिगारे, घनवादाच्या वाटेवरची चित्रे. पुढच्या निव्वळ चौकोनांत त्याचे मन रमले नाही आणि त्याने ती फारशी घेतली नाहीत. 1971 मध्ये त्याचा सारा संग्रह मृत्युपत्राने द हेगच्या नगर-संग्रहालयाकडे आला. मोंद्रियानच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा साठा त्या संग्रहालयाकडे आहे तो मुख्यत्वे यामुळे. पण या साठ्याला स्लायपरच्या आवडीचाच आकार होता. ज्या टप्प्यामुळे मोंद्रियान मोंद्रियान ठरला, त्याच टप्प्यावर तो विरळ होत जाई, आणि शेवटच्या न्यूयॉर्कच्या पर्वातले महत्त्वाचे चित्र त्यात नव्हते.

याला एक हृद्य अपवाद आहे. मोंद्रियान साठ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या हॉलंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याचे एक चित्र घ्यायचे आणि याच संग्रहालयाला द्यायचे ठरवले. त्यातून 1933 चे चार पिवळ्या रेषांचे चित्र संग्रहालयात आले: कोनावर उभा पांढरा चौरस आणि त्याच्या कडांजवळून जाणाऱ्या चार रेषा, ज्या एकमेकींना कॅनव्हासच्या बाहेर कुठेतरी मिळतात. एवढेच. हे चित्र वर्गणीतून घेणारे लोक संख्येने थोडे होते, श्रीमंत तर फारसे नव्हतेच. 1998 मध्ये राष्ट्राने जे आठ कोटी मोजले, ती या वर्गणीत सामील न झालेल्यांची थकबाकी होती, असे मला वाटते.

इकडे देशाबाहेर काय घडत होते? 1926 मध्ये कॅथरीन ड्रायर या अमेरिकन बाईंनी मोंद्रियानचे चित्र घेऊन ब्रुकलिनच्या प्रदर्शनात मांडले. हॅनोव्हरच्या संग्रहालयात त्याची चित्रे लागली. 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आल्फ्रेड बार यांनी घनवाद आणि अमूर्त कला यांचे जे विख्यात प्रदर्शन भरवले, त्यात आधुनिक कलेच्या इतिहासाची एक वंशावळच मांडली होती आणि तिच्यात मोंद्रियानला जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, नाझींनी म्युनिकला ‘अधःपतित कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवले त्यातही तो होता. एका वर्षाच्या अंतराने सन्मान आणि बहिष्कार! पुढच्या काळात या दोन्हींची गणना त्याच्या जमेच्या बाजूलाच झाली, हा इतिहासाचा विचित्र हिशेब आहे.

1938 मध्ये त्याने पॅरिस सोडले, दोन वर्षे लंडनमध्ये काढली आणि बाँबवर्षावात 1940 च्या शरदात न्यूयॉर्क गाठले. युरोपात सुरू केलेली काही चित्रे त्याने बरोबर आणली आणि पूर्ण झालेली म्हणून गणली गेलेली चित्रे पुन्हा हाती घेतली. रेषा वाढवल्या, काळ्या रेषेच्या कुंपणाबाहेर रंगाचे लहान तुकडे मोकळे सोडले. या चित्रांवर दोन-दोन सनांची नोंद असते. मग बूगी-वूगीच्या तालावर जीव जडलेल्या या सत्तरीतल्या माणसाने काळी रेषाच टाकून दिली. 1943 च्या मार्चमध्ये व्हॅलेंटाइन डूडेन्सिंगच्या दालनात ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ लोकांपुढे आले. त्याच वेळी तेथे ब्राझीलच्या शिल्पकार मारिया मार्तिन्स यांची शिल्पे मांडलेली होती. त्यांनी ते चित्र 800 डॉलरला घेतले आणि आपले नाव न सांगता आधुनिक कला संग्रहालयाला देऊन टाकले. ते आजही तेथेच आहे. एका कलावंताने दुसऱ्याचे चित्र विकत घेऊन बाजाराच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवले. बाजाराला त्यानंतर त्या चित्राविषयी काहीच बोलता आलेले नाही.

1 फेब्रुवारी 1944 रोजी न्यूमोनियाने मोंद्रियानचा मृत्यू झाला. 1945 मध्ये न्यूयॉर्कला आणि 1946 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याची स्मरणप्रदर्शने झाली, 1956 मध्ये मिशेल सफोर यांचा ग्रंथ आला. 1965 मध्ये इव्ह सॅं लोराँ या वस्त्रकाराने त्याचे चौकोन स्त्रियांच्या पोशाखावर उतरवले आणि चित्र कधी न पाहिलेल्यांनाही मोंद्रियान ओळखीचा झाला. सॅं लोराँने पुढे स्वतः मोंद्रियानची चित्रे जमवली. त्याच्या मृत्यूनंतर 2009 मध्ये पॅरिसच्या लिलावात त्यांतले 1922 चे एक चित्र दोन कोटी सोळा लाख युरोंना गेले. 1930 चे ‘कॉम्पोझिशन क्र. 2’ 1983 मध्ये साडेएकवीस लाख डॉलरच्या आसपास गेले होते, ते 2022 मध्ये पाच कोटी दहा लाखांना गेले. या आकड्यांमागे एक साधे कारण आहे, ते सांगितलेच पाहिजे: मधल्या काळात उत्तमांपैकी बहुतेक चित्रे संग्रहालयांत गेली आणि संग्रहालये सहसा विकत नाहीत. बाजारात येणारे प्रत्येक चित्र त्यामुळे शेवटच्या काहींपैकी एक असते. म्हणजे संग्रहालयाने मूल्य ओळखले आणि त्या ओळखण्यानेच उरलेल्या चित्रांची किंमत वाढवली. पुढे तेच संग्रहालय त्या वाढलेल्या किमतीला गिऱ्हाईक म्हणून उभे राहते! द हेगचे नेमके असे झाले.

मग मूल्य हा केवळ अशा व्यवहारांचा साचलेला थर आहे काय? येथे मला मर्ढेकरांची आठवण होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) मध्ये त्यांनी कलाकृतीची संघटना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी समजावून घेतली. मोंद्रियानच्या 1930 च्या आसपासच्या चित्रांइतके या तीन शब्दांचे नितळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही: एका कोपऱ्यातला मोठा तांबडा चौकोन, तिरप्या दिशेच्या कोपऱ्यातला लहानसा निळा, कडेला पिवळ्याची फट, आणि सारे तोलून धरणाऱ्या कमी-जास्त जाडीच्या रेषा. मर्ढेकरांच्या दृष्टीने हा समतोल 1930 मध्ये जितका होता तितकाच आज आहे. मूल्य वाढत नाही. वाढते ती ते पाहू शकणाऱ्यांची संख्या.

ही भूमिका मला बरीचशी पटते, पूर्ण पटत नाही. 2022 मध्ये एक बातमी आली. ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात 1980 पासून असलेले मोंद्रियानचे ‘न्यूयॉर्क सिटी 1’ हे चिकटपट्ट्यांचे चित्र दशकानुदशके उलटे टांगलेले असावे, असे तिथल्या अभिरक्षक सुसाने मायर-ब्यूझर यांनी दाखवून दिले. 1944 मधल्या त्याच्या स्टुडिओच्या एका छायाचित्रात रेषांची दाटी वरच्या कडेला होती. संग्रहालयात ती खाली होती. इतकी वर्षे कोणालाही समतोल ढळलेला दिसला नाही. याचा अर्थ अमूर्त चित्रात काही नसते असा काढणारे लगेच पुढे सरसावले, आणि तो अर्थ चूक आहे. पण केवळ समतोलाच्या बळावर चित्राचे मूल्य सिद्ध करणाऱ्यांनीही येथे थोडे थांबावयास हवे. वरचे आकाश आणि खालची जमीन या सवयी आपण चित्रावर लादतो; दाटी खाली असली की ती आपल्याला साहजिक वाटते. मोंद्रियानने ती वर ठेवली होती. त्याच्या समतोलात एक धोका पत्करलेला होता आणि आपण नकळत त्याला सुरक्षित करून टाकले. संग्रहालयाने चित्र सरळ केले नाही. जुन्या पट्ट्या सुटत चालल्या आहेत, आणि उलटवले तर त्यांचा भार दुसऱ्या बाजूने पडून त्या गळतील, अशी भीती होती.

‘व्हिक्टरी बूगी वूगी’च्या पट्ट्यांनीही मालकांची झोप उडवली होती. तुकडे सुटू लागले तेव्हा एमिली ट्रेमेन यांनी 1947 मध्ये पर्ल फाइन या चित्रकर्तीकडून त्याची प्रतिकृती करून घेतली. मूळ चित्र मोंद्रियानने मृत्यूच्या थोडे आधी जवळजवळ पूर्णत्वाला आणले होते, असे ते पाहिलेले लोक सांगत. अखेरच्या दिवसांत त्याने ते पुन्हा उघडले आणि नव्या पट्ट्या लावल्या. कार्ल होल्टी या चित्रकार मित्राने त्याला विचारले होते, की एकाच चित्रावर सारखे बदल करण्यापेक्षा त्या प्रत्येक अवस्थेचे वेगळे चित्र का करत नाहीस? त्यावर मोंद्रियान म्हणाला, की मला चित्रे नकोच आहेत, मला फक्त काही शोधून काढायचे आहे.